खाजगी की सरकारी? प्रवेशापूर्वी विचारावयाचे चार प्रश्न



बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : मुलांना सरकारी विद्यापीठात घालावे की खाजगी? कुणी इमारत पाहून ठरवितो, कुणी जाहिरात वाचून. ऐकीव गोष्ट पारखल्याशिवाय स्वीकारू नये, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. प्रवेशाच्या बाबतीतही तोच मार्ग योग्य होय.

परमपूज्य बाबासाहेब १९१२ साली मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले. हे सरकारी कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले; ते खाजगी. तेथून ते लंडनला गेले. परंतु १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. पैसा जमवून १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले व १९२३ साली डी.एस्सी. झाले. विद्यापीठ कोणतेही असो, खर्चाची वाट तुटली की शिक्षण अडते, हा यातील बोध आहे.

‘खाजगी’ हा शब्दही नीट समजून घ्यावा. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने काढलेली सिद्धार्थ (१९४६) व मिलिंद (१९५०) ही महाविद्यालयेसुद्धा संस्थेचीच, पण विद्यापीठाशी संलग्न. महाराष्ट्रात १९८३ पासून विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालये वाढली. खाजगी विद्यापीठ ही आणखी वेगळी गोष्ट. ते परीक्षा घेऊन स्वतःच पदवी देते. म्हणून पाटी न पाहता पुढील चार प्रश्न विचारावेत.

१) मान्यता आहे काय? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत नाव पाहावे. आयोग बोगस विद्यापीठांचीही यादी प्रसिद्ध करतो. विधी, परिचर्या अशा शिक्षणक्रमांना संबंधित परिषदेची मान्यताही लागते.

२) शिष्यवृत्ती लागू आहे काय? भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ती मिळत नाही. “नंतर बघू” हे उत्तर मान्य करू नये, लेखी मागावे.

३) एकूण खर्च किती? पहिल्या वर्षाची फी म्हणजे सर्व खर्च नव्हे. सर्व वर्षांची फी, वसतिगृह, खानावळ व पुस्तके यांची बेरीज करावी. देणगी उकळण्यास १९८७ च्या राज्य कायद्याने बंदी आहे. पावतीशिवाय पैसे देऊ नयेत. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिच्या अटी समाजकल्याण कार्यालयात विचाराव्यात.

४) शिकवितो कोण? कायम प्राध्यापक किती, ग्रंथालय व प्रयोगशाळा कशी आहे, हे तेथील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष भेटून विचारावे.

जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांची तयारी अकरावीपासूनच करावी. कागदाअभावी हक्काची जागा जाते, हे फार दुःखद आहे.

खाजगी म्हणजे वाईट आणि सरकारी म्हणजे चांगले, असे नाही. चारही उत्तरे समाधानकारक असतील तर खाजगीतही जावे. परंतु तोच अभ्यासक्रम सरकारी वा अनुदानित महाविद्यालयात मिळत असेल, तर केवळ झगमगाटासाठी घर गहाण टाकू नये. समाजातील शिकलेल्यांनी जून महिन्यात विहारात बसून पालकांचे अर्ज तपासून द्यावेत. हेही मोठे दान आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!