नदीचे खोरे व स्थानिक मंडळाचे कार्यक्षेत्र
(वाशिष्ठी नदीच्या आधारे परिसर अभ्यास व भूगोल यांचा पाठ)

पाठाचा हेतू : नदीच्या खालच्या भागात दिसणाऱ्या दोषाचे मूळ पुष्कळदा तिच्या उगमाकडे असते. म्हणून निसर्गरक्षण करणाऱ्या स्थानिक मंडळाने आपले काम गावाच्या शिवेवर न थांबविता पाणलोटाच्या सीमेपर्यंत नेले पाहिजे, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या मनावर ठसविणे हा या पाठाचा हेतू होय.

विषयविवेचन : रत्नागिरी जिल्ह्यातील वाशिष्ठी नदी सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर उगम पावते, चिपळूण शहरावरून वाहते आणि दाभोळजवळ अरबी समुद्रास मिळते. कोकणातील इतर नद्यांप्रमाणेच तिची लांबी थोडी असून उतार आरंभी तीव्र व पुढे अगदी मंद आहे. त्यामुळे डोंगरावर पडलेले पाणी काही तासांतच सखल भागात येते. कोयना प्रकल्पात वीजनिर्मिती झाल्यावर सोडलेले पाणीही याच खोऱ्यात उतरते. खालच्या अंगाने खाडीची भरती चिपळूणजवळील गोवळकोटपर्यंत चढते. वरून लोंढा आणि खालून भरती एकाच वेळी आली म्हणजे पाण्यास वाट उरत नाही. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा पौर्णिमा अवघ्या दोन दिवसांवर होती, म्हणजे उधाणाचे दिवस जवळ आले होते.

या संकटास आणखी एक अंग आहे. उतारावरील झाडी तुटली म्हणजे उघडी पडलेली माती पावसाबरोबर वाहू लागते. ती नदीच्या मंद भागात गाळ होऊन साचते आणि पात्र उथळ होते. २०२१ च्या पुरानंतर चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण करून गाळ काढण्याची मागणी लावून धरली व पुढे शासनाने ते काम हाती घेतले. हा उपाय आवश्यक खरा. तथापि वरून माती येत राहिली, तर काढलेल्या गाळाची जागा नवा गाळ घेतो. शहरातील मंडळाचे काम डोंगरातील गावांपर्यंत पोहोचल्यावाचून पुरे होत नाही, ते यामुळेच.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कोकणातील बरेचसे रान खाजगी मालकीचे आहे. वरच्या गावातील शेतकरी झाडे विकतो, ती बहुधा आजारपण, लग्न किंवा घरदुरुस्ती यांच्या खर्चासाठी. शहराचा पूर टळावा म्हणून त्याने एकट्याने तोटा सोसावा, असे म्हणणे न्यायाचे नाही. त्याच्याही हिताचे काम मंडळाने पुढे केले पाहिजे. ओढ्याकाठची व तीव्र उतारावरील झाडी राखून इतरत्र पाळीपाळीने तोड करणे, काजू व बांबू यांची लागवड करणे, पावसाळा संपताच ओढ्यावर वनराई बंधारे घालून पाणी अडविणे, ही अशी कामे होत.

हित जुळविल्याने काय साधते, याचे उदाहरण याच जिल्ह्यातील वेळास येथे पाहावयास मिळते. हे गाव वाशिष्ठीच्या खोऱ्यात नसून मंडणगड तालुक्यात समुद्रकिनारी आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून तेथे सागरी कासवांची घरटी राखण्यास आरंभ केला. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे ग्रामस्थांच्या घरी उतरू लागले, गावास उत्पन्न मिळाले आणि संस्थेचे काम गावाने आपलेसे केले.

मंडळाचे दुसरे कर्तव्य निरीक्षणाचे आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले व खालच्या वस्तीतील अनेकांचे प्राण गेले. धरणाच्या गळतीविषयी ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. तारीखवार लेखी नोंद असली, ती ग्रामसभेत वाचली गेली आणि खालच्या गावांनीही तिला पाठिंबा दिला, तर अशा तक्रारीचे वजन वाढते.

शाळेने करावयाचे उपक्रम :
१. आपल्या गावचा ओढा कोणत्या नदीस मिळतो हे नकाशावर दाखवून पाणलोटाची सीमा विद्यार्थ्यांकडून आखून घ्यावी.
२. शाळेत पर्जन्यमापक ठेवावा व दररोज सकाळी एकाच वेळी पाऊस मिलिमीटरमध्ये नोंदवावा.
३. वडीलधाऱ्यांस विचारून मागील पुरांच्या पाण्याची उंची भिंतीवर वर्षासह रंगवावी.
४. गावाच्या वर व खाली घेतलेले ओढ्याचे पाणी दोन सारख्या बाटल्यांत रात्रभर ठेवावे व तळाशी बसलेल्या मातीचा थर मोजावा. पाणी शिक्षकांनी स्वतः, प्रवाह ओसरल्यावर आणावे. पूर असता विद्यार्थ्यांस काठावर नेऊ नये.
५. खोऱ्यातील वरच्या व खालच्या एकेका शाळेशी पत्रव्यवहार करून नोंदींची देवघेव करावी व त्या स्थानिक मंडळास द्याव्या.

उजळणीचे प्रश्न :
१. भरतीच्या वेळी चिपळूणचा पूर अधिक का चढतो?
२. गाळ काढणे हा एकच उपाय अपुरा का ठरतो?
३. वरच्या गावाने झाडी राखली, तर खालच्या गावाने त्याची परतफेड कशी करावी? (या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनी सांगू नये, विद्यार्थ्यांस आपसात विचार करू द्यावा.)