आधी कागद, मग स्क्रू-ड्रायव्हर

प्रश्न : चौदा महिन्यांपूर्वी २६,००० रुपयांना घेतलेल्या आमच्या ४३ इंची एलईडी टीव्हीचा आवाज येतो, पण पडदा काळाच राहतो. वॉरंटी एका वर्षाची होती, ती संपली. सर्व्हिस सेंटरचा माणूस ‘पॅनेल गेलं, १४,००० लागतील’ असं तोंडी सांगून गेला. डिप्लोमा करणारा मुलगा म्हणतो, ‘तपकीर गल्लीतून पार्ट आणतो, मीच बसवतो.’ टीव्ही घरी उघडला तर कंपनीविरुद्ध तक्रारीचा हक्क जाईल का?
— एक वाचक, शनिवार पेठ, पुणे

उत्तर : हक्क जात नाही, पुरावा जातो. वॉरंटी संपली म्हणजे कंपनीने दिलेली फुकट दुरुस्तीची हमी संपली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र तुमच्या पाठीशी आहेच. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. पण उत्पादनातच दोष होता, हे तुम्हाला दाखवावं लागेल. त्यासाठी आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासून घेऊ शकतो. घरी उघडलेल्या टीव्हीबद्दल कंपनी एवढंच म्हणेल, ‘बिघाड यांनीच केला.’

म्हणून आधी सर्व्हिस सेंटरकडून जॉबशीट आणि लेखी एस्टिमेट घ्या. टाळाटाळ झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. वॉरंटी कार्डही नीट वाचा; काही कंपन्या पॅनेलची हमी वेगळी आणि जास्त मुदतीची देतात.

आता एक तपासणी घरीच करा, काहीही न उघडता. अंधारात टीव्ही चालू करून पडद्याजवळ तिरका टॉर्च धरा. पुसट चित्र दिसलं, तर पॅनेल बहुधा शाबूत आहे आणि मागच्या एलईडी पट्ट्या, म्हणजे बॅकलाइट गेला आहे. अनेक सेंटरं पट्ट्यांसकट अख्खं पॅनेलच बदलतात, त्यामुळे आकडा फुगतो. नुसत्या पट्ट्या बदलणं त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं.

तरीही हे काम मुलाने पहिल्यांदाच आणि एकट्याने करू नये. पट्ट्यांपर्यंत पोहोचायला काचेचं पातळ पॅनेल उचलावं लागतं. त्याच्या कडेच्या रिबन फाटल्या तर टीव्ही भंगारातच जातो. पॉवर बोर्डवरच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते. मायक्रोवेव्हमध्ये तर हा धोका जिवावरचा असतो; तो घरी कधीच उघडू नये.

कंपनीशी भांडायचं नसेल, तर तपकीर गल्लीतल्या अनुभवी कारागिराकडे खुशाल जा. आपल्या पसंतीच्या माणसाकडून दुरुस्ती करून घेणं हा गुन्हा नाही. भारतात ‘दुरुस्तीच्या हक्का’चा स्वतंत्र कायदा अजून नाही, पण केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केलं. तिथे अनेक कंपन्यांची दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती मिळते.

कारागिराकडूनही बिल मागून घ्या. त्यावर बदललेला भाग आणि कामाची हमी लिहून घ्या. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही कायद्याने ‘सेवा’ आहे. त्यात कसूर झाली तर त्याच आयोगाकडे जाता येतं. मुलाला मात्र सोबत जरूर पाठवा. जाणत्या हाताखाली पाहिलेलं एक काम त्याला पुढच्या दुरुस्तीसाठी तयार करेल.