बॅटरीचा शेअर घ्यायचाय?

नव्या बॅटरीची बातमी आली की आपले हॉस्टेलवाले आधी शेअर बघतात. थांबा, आधी सेल बघा! अमेरिकेच्या क्वांटमस्केपने डिसेंबर २०२० मध्ये लिथियम धातूच्या अ‍ॅनोडवाल्या सेलचे आकडे दाखवले. शेअर १३० डॉलरच्या वर गेला. विक्री मात्र शून्य. टेस्ट झालेला सेल एकाच लेयरचा होता, गाडीला अनेक लागतात. २०२२ अखेरीस भाव दहाच्याही खाली. म्हणून मी विचारते: लेयर किती, सायकल किती, कोणत्या तापमानाला? मग हातातली रोकड भागिले वर्षाचा खर्च. कंपनी किती वर्षं तग धरेल ते कळतं. आणि फॅक्टरी! ए१२३ सिस्टिम्सची केमिस्ट्री छानच होती, पण एका वेल्डिंग मशीनच्या चुकीच्या सेटिंगमुळे सेल सदोष निघाले. बदलून देण्याचा अंदाज साडेपाच कोटी डॉलर! ऑक्टोबर २०१२ मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं.