टेन्शनवर दारू हा उतारा नव्हे

'टेन्शन येते म्हणून घ्यावी लागते' हे वाक्य सोलापुरातील दवाखान्यांत इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, रुग्णासोबत आलेली पत्नी किंवा आईही ते मान्य करून मोकळी होते; मात्र चिंता हा आजार आणि दारू हे त्यावरचे औषध, ही समजूत रुग्णाचे फार मोठे नुकसान करते. मद्य मेंदूतील 'गॅबा' या शांत करणाऱ्या रसायनाचा प्रभाव वाढवते व 'ग्लुटामेट' या उत्तेजक रसायनाला दाबते, त्यामुळे सुरुवातीला जीव हलका वाटतो, हे खरेच. परंतु रोजच्या दारूला सरावलेला मेंदू त्या दाबावर मात करण्यासाठी आपली उत्तेजना वाढवून घेतो आणि अंमल उतरताच ती मोकाट सुटते. पहाटे दचकून जाग येणे, धडधड, घाम, हातांची थरथर, काहीतरी वाईट घडणार असे वाटत राहणे, ही सारी दारू उतरण्याची, म्हणजे 'विथड्रॉवल'ची लक्षणे असू शकतात. रुग्ण त्यांनाच टेन्शन म्हणतो.

यंत्रमागावरील ज्या कामगाराला सकाळी तुटलेल्या धाग्याची गाठ मारता येत नाही आणि क्वार्टर पोटात गेल्यावरच ज्याची बोटे स्थिरावतात, त्याला दारूच्या गुणाचा जणू पुरावाच मिळतो. प्रत्यक्षात आदल्या रात्रीच्या दारूने आणलेली थरथर सकाळच्या दारूने तेवढ्यापुरती झाकली जाते. हातभट्टी सोडून बिअर धरल्याने यात काही सुधारते, हाही भ्रमच, कारण मेंदूवर परिणाम करणारे इथेनॉल दोन्हींत एकच असते.

नैराश्याचे मूळ शोधताना घाई चालत नाही. दारूमुळे आलेली उदासी दारू पूर्ण थांबल्यावर बहुधा दोन ते चार आठवड्यांत ओसरू लागते; ती टिकून राहिली, किंवा पिणे सुरू होण्यापूर्वीच झोप, भूक, कामातील रस हरपलेला होता, तर नैराश्य हा स्वतंत्र आजार समजून त्यावरही उपचार करावे लागतात. म्हणून 'आधी दारू सोड, मग मनाचे बघू' असे बजावून रुग्णाला परत पाठवणे अन्यायाचे आहे. दोन्ही उपचार एकत्र चालू शकतात.

'रुग्णाच्या नकळत दारू सोडवा' अशा जाहिरातींना भुलून जेवणात पूड मिसळणाऱ्या कुटुंबीयांची व्यथा समजण्याजोगी असली, तरी हा प्रकार तत्काळ थांबवलाच पाहिजे. अशा पुडीत काय आहे हे ठाऊक नसते. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचे औषध असेल आणि वर दारू घेतली गेली, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. ओळखीच्या मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून दारूसोबत घेणे तितकेच घातक, कारण दोन्हींच्या जोडीने श्वास मंदावतो.

अनेक महिने रोज भरपूर पिणाऱ्याने शपथ घेऊन घरीच एकाएकी दारू बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भान हरपणे, नसलेली माणसे दिसणे, ताप, प्रचंड घाम अशी अवस्था आली की घरचे तिला बाहेरची बाधा समजून देवऋषी गाठतात आणि जीव वाचवण्याचा मोलाचा वेळ हातचा जातो. अशा रुग्णाला थेट सिव्हिलसारख्या मोठ्या रुग्णालयात हलवावे. मरणाची भाषा, निरवानिरव, पूर्वीचा आत्महत्येचा प्रयत्न, यांपैकी काहीही असेल तर त्याला एकटे सोडू नये. नशेत मनावरचा उरलासुरला आवर सुटतो, म्हणून 'प्यायल्यावर बडबडतो' असे म्हणून ते उडवून लावू नये.

धीर देणारी बाब अशी की, गोव्यातील 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या आणि 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांच्या मोजक्या भेटींनी घातक मद्यपान आणि तीव्र नैराश्य, दोन्हींत फरक पडला: तीन महिन्यांनी घातक मद्यपानातून सावरलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत 36 टक्के, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 26 टक्के होते. हा फरक चमत्काराचा नाही, पण खरा आहे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यास संकोच वाटत असेल, तर 'टेली-मानस'च्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते, आणि तो फोन रुग्णाऐवजी त्याची पत्नी, आई किंवा भाऊही लावू शकतो.