जुन्या संगणकावर स्टेलॅरियम उघडत नसेल तर

शाळेच्या प्रयोगशाळेतला किंवा घरातला दहा-पंधरा वर्षांचा संगणक टायपिंग करतो, हिशेब करतो, व्हिडिओही दाखवतो. स्टेलॅरियम उघडलं की मात्र काळी खिडकी येते आणि क्षणात मिटते. कधी ‘ओपनजीएल’ हा शब्द असलेली सूचना येते, तर कधी तीही येत नाही. मग कुणीतरी सांगतं, मशीन जुनं झालं, नवं घ्या. घाई करू नका. आकाशदर्शन शिकवायला स्टेलॅरियमसारखं फुकट आणि इतकं चांगलं साधन दुसरं नाही, आणि बहुतेक जुन्या मशीनवर ते चालवता येतं.

आधी अडचण कुठे आहे ते समजून घ्या. तारे, ग्रह, वातावरणाचा उजेड हे सगळं रंगवण्याचं काम स्टेलॅरियम ओपनजीएलमार्फत ग्राफिक्स चिपकडे सोपवतं. त्यासाठी किमान ओपनजीएल ३.० लागतं. विंडोजवर इंटेलची जुनी जीएमए ९५० चिप १.४ पर्यंतच जाते. २०१० च्या पहिल्या पिढीच्या कोअर आय३ मधली २.१ वर थांबते. २०११ च्या दुसऱ्या पिढीतली एचडी २००० आणि ३००० ही ३.१ देते, २०१२ ची एचडी ४००० थेट ४.०. म्हणजे ‘जुना संगणक’ म्हणून सगळ्यांना एकच औषध चालत नाही. तुमची चिप कोणती, हे आधी कळलं पाहिजे.

त्यासाठी लॉग वाचा. ही पायरी सगळे टाळतात आणि सगळा वेळ इथेच वाया जातो. विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. उघडलेल्या चौकटीत टक्क्याचं चिन्ह, अ‍ॅपडेटा आणि पुन्हा टक्क्याचं चिन्ह असं इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता लिहून एंटर करा. तिथे स्टेलॅरियमचा फोल्डर दिसेल, त्यात ‘लॉग’ नावाची फाइल असते. ती नोटपॅडमध्ये उघडा आणि ओपनजीएलची आवृत्ती व ‘रेंडरर’ लिहिलेल्या ओळी शोधा. प्रोग्राम एरवी उघडत असेल आणि फक्त संथ असेल, तर एफ१ दाबून लॉगच्या टॅबमध्येही हाच मजकूर मिळतो.

रेंडररपुढे ‘जीडीआय जेनेरिक’ आणि आवृत्ती १.१ असं दिसलं, तर चिपला दोष देऊ नका. विंडोजला चिपचा ड्रायव्हर सापडलेला नाही किंवा त्याचा वापर होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. विंडोज नव्याने टाकलेल्या मशीनवर हे सर्रास दिसतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्ले अडॅप्टर्स उघडा. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ किंवा विंडोज ७ वर ‘स्टँडर्ड व्हीजीए’ असं असेल, तर ड्रायव्हर टाकायचा राहिलाय. तो विंडोज अपडेटमधून घ्या किंवा संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून, मॉडेल क्रमांक नीट जुळवून. त्याआधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या प्रोग्रामच्या वाटेला जाऊ नका. ते नको ते सामान मशीनमध्ये भरतात.

ड्रायव्हर नीट आहे, डिव्हाइस मॅनेजरमध्ये चिपचं नावही दिसतंय आणि तरीही लॉगमध्ये १.१ च? एचडी २००० किंवा ३००० आणि विंडोज १० अशी जोडी असेल तर हे घडतं. या चिपांसाठी इंटेलने विंडोज १० चा ड्रायव्हर काढलाच नाही. चालतो तो आधीच्या विंडोजसाठीचा. प्रोग्रामने स्वतःला विंडोज १० चा म्हणवलं की तो ड्रायव्हर कधी कधी ओपनजीएल देतच नाही. उपाय सोपा आहे. स्टेलॅरियमच्या मूळ एक्सई फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, आणि तिथे ‘विंडोज ८’ निवडा. पुन्हा चालवा, पुन्हा लॉग बघा. १.१ च्या जागी ३.१ दिसलं की काम झालं.

लॉगमध्ये खरोखरच २.१ किंवा त्याहून कमी असेल, तर पॅकेज बदला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या १.० पासून स्टेलॅरियमची मुख्य आवृत्ती क्यूटी ६ या प्रोग्राम बांधायच्या साच्यावर उभारलेली आहे आणि तिला विंडोज १० तरी लागतं. डाउनलोडच्या पानावर विंडोज ७ पासून पुढे चालणारं क्यूटी ५ चं वेगळं पॅकेज असतं, ते घ्या. ३२ बिटचं विंडोज असेल तर ३२ बिटचंच. आधीचं स्टेलॅरियम काढून टाका, मग हे टाका.

या पॅकेजबरोबर स्टार्ट मेनूत आणखी दोन नोंदी येतात: अँगल मोड आणि मेसा मोड. आधी अँगल वापरून बघा. त्यात ओपनजीएलच्या आज्ञा विंडोजच्या डायरेक्ट३डीमध्ये बदलून चिपकडे जातात, आणि जुन्या इंटेल चिपांचा डायरेक्ट३डी ड्रायव्हर ओपनजीएलपेक्षा बरा असतो. पहिल्या पिढीच्या आय३ चं याने बहुधा भागतं. तेही जमलं नाही तर मेसा. इथे ग्राफिक्स चिप बाजूलाच राहते, सगळं चित्र प्रोसेसर रंगवतो. आकाश दिसेल, पण सरकवताना अडखळेल.

तेव्हा ओझं कमी करा. एफ११ दाबून पूर्ण पडदा सोडा आणि खिडकी लहान ठेवा. मेसा मोडमध्ये याचा फरक सगळ्यांत जास्त पडतो. ए दाबून वातावरण, जी दाबून जमीन, एम दाबून आकाशगंगा बंद करा. एफ२ मधल्या प्लगिनच्या यादीत त्रिमिती देखाव्यांचं प्लगिन सुरुवातीलाच लोड होत असेल तर ती खूण काढा.

प्रोग्राम पूर्वी चालत होता आणि अचानक बंद पडला असेल, तर यातलं काही करण्याआधी लॉगशेजारच्या ‘कॉन्फिग’ फाइलचं नाव बदलून बघा. स्टेलॅरियम नवी फाइल तयार करतं. तुमचं ठिकाण आणि भाषा मात्र पुन्हा निवडावी लागेल.

सुरू झालं की एक कसोटी घ्या. एफ६ मध्ये तुमचं गाव निवडा, एफ५ मध्ये २१ डिसेंबर २०२०, संध्याकाळी पावणेसात ही वेळ घाला आणि नैऋत्येला क्षितिजाच्या वर गुरू शोधा. त्याच्यावर क्लिक करून स्पेस दाबा आणि चाकाने जवळ जा. गुरूचे चार मोठे चंद्र आणि शेजारी कड्यांसह शनी एकाच चौकटीत यायला हवा. त्या दिवशी दोघांमध्ये जेमतेम सहा कलांचं अंतर होतं. ग्रहांच्या जागी काळे किंवा पांढरे गोळे दिसले, तर चित्र अजून नीट रंगत नाही असं समजा आणि दुसरा मोड वापरा.

एवढं करूनही अडलं आणि कुणाला विचारायची वेळ आली, तर निरोपात विंडोजची आवृत्ती, चिपचं नाव, कोणतं पॅकेज टाकलं ते लिहा आणि लॉगची अख्खी फाइल जोडा. नुसतं ‘चालत नाही’ लिहिलंत, तर मदत करणाऱ्याला हेच प्रश्न पुन्हा विचारावे लागतील.