पाकीट एक, पाणी एक लिटर

पावसाळ्याचे पहिले गढूळ पाणी विहिरीत उतरले की गावोगाव जुलाबाचे रुग्ण वाढतात. "अंगातले पाणी गेले," असे आपण म्हणतो. ते खरे, पण अर्धेच खरे. पाण्याबरोबर क्षारही जातात आणि दोहोंचा तोल बिघडला की जिवावर बेतते. परिचारिकांच्या अभ्यासक्रमात हा विषय किचकट समजला जातो. मला तो एका चुकीने शिकवला. चूक माझीच होती.

नोकरीच्या पहिल्याच पावसाळ्यात दहा महिन्यांच्या मुलाला जुलाब होतात म्हणून त्याची आई आली. मी जलसंजीवनीचे पाकीट तिच्या हातात दिले आणि म्हटले, "बाई, हे पाण्यात कालवून पाजत राहा." किती पाण्यात, ते सांगितले नाही. रांग मोठी होती. तिने घरी अख्खे पाकीट एका पेल्यात कालवले. औषध दाट तेवढे गुणकारी, हा तिचा हिशोब. दुसऱ्या दिवशी मूल परत आले ते किंचाळत, पाण्यासाठी तडफडत. थोड्याच वेळात त्याला झटके आले.

निरोगी माणसाच्या रक्तात सोडियमचे प्रमाण १३५ ते १४५ असते. त्या मुलाचे १६८ निघाले. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, तसे रक्त खारट झाले की पेशींतले पाणी बाहेर ओढले जाते. मेंदूच्या पेशी आक्रसतात. यावर घाईचा उपचारही चालत नाही. एकदम पाणी भरले तर त्याच पेशी सुजतात. आम्ही दोन दिवस थेंब मोजत सलाईन दिले. मूल वाचले.

दुसरा क्षार पोटॅशियम. त्याचे प्रमाण ३.५ ते ५. जुलाबात ते घटले की पोट फुगते, मान लुळी पडते, हृदयाचे ठोके चुकतात. मात्र पोटॅशियमचे इंजेक्शन थेट शिरेत कधीही द्यायचे नाही, हृदय बंद पडू शकते. ते सलाईनमध्ये मिसळून सावकाशच द्यायचे, हे मी शिकाऊ मुलींना पहिल्याच दिवशी बजावते.

तिसरी गोष्ट आम्लाची. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहावा लागतो. फुप्फुसे आणि मूत्रपिंडे तो सांभाळतात. जुलाबातून बायकार्बोनेट हा आम्ल मारणारा क्षार वाहून जातो आणि रक्त आम्लाकडे झुकते. मग आम्ल कमी करण्यासाठी श्वास खोल व जलद चालतो. घरचे म्हणतात, "धाप लागली, दमा असेल." जुलाबाच्या रुग्णाला अशी धाप लागली तर क्षणही न दवडता दवाखाना गाठावा.

या सगळ्यावर पाकिटाचा उपाय साधा आहे. साखर आणि मीठ एकमेकांचा हात धरून आतड्यातून रक्तात शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. १९७१ साली बांगलादेश युद्धाच्या वेळी सीमेवरील बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी हेच मिश्रण नातेवाइकांच्या हाती देऊन रुग्णांना पाजायला लावले. शेकडा ३० पर्यंत गेलेले मृत्यू शेकडा ४ च्या आत आले.

पण गुण मापात आहे. सध्याच्या मोठ्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असते. ते एक लिटर पाण्यासाठीच असते. २०० मिलिलिटरची लहान पाकिटेही मिळतात, म्हणून वरचा मजकूर वाचावा. पाणी उकळून गार केलेले घ्यावे आणि मिश्रण २४ तासांनंतर फेकून द्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा, ५ मिलिलिटरचा. दोन वर्षांखालील मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलिलिटर द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध बंद करू नये. वरचे खाणाऱ्या मुलाला पेज, केळेही द्यावे.

डोळे खोल गेले, चिमटीत धरलेली कातडी लवकर खाली बसेना, लघवी थांबली, मूल सुस्तावले किंवा पिईनासे झाले, तर घरी थांबू नये.

त्या दिवसापासून पाकीट देण्याआधी मी विचारते, "घरात लिटरची बाटली आहे का?" आणि माप त्या बाईच्याच तोंडून परत ऐकल्याशिवाय तिला जाऊ देत नाही. रांग कितीही मोठी असो.