माशांच्या टाकीतील पाणवनस्पती : निवड व जोपासना

पीक निवडावयाचे ते जमीन व हवामान पाहून, हे कोणत्याही शेतकऱ्यास सांगावयास नको. पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींसही हाच नियम लागू आहे, ही गोष्ट मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मुलांच्या हौसेखातर घरात माशांची काचेची टाकी येते. तीत लावण्याकरिता शहरातील दुकानातून दिसावयास सुरेख अशी रोपे आणली जातात. हिवाळाभर ती बरी दिसतात आणि चैत्र-वैशाखात कुजून पाणी नासवितात. हा दोष रोपांचा नव्हे, निवडीचा होय. सबब एरंडोल व आसपासच्या भागातील पाणी आणि उन्हाळा जमेस धरून कोणत्या वनस्पती घ्याव्या व त्या कशा जोपासाव्या, याचा विचार येथे करू.

१. वनस्पतींचे प्रयोजन

रोपे ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्याच्या पात्रात त्यांनी दोन सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती व गोगलगायी एकत्र ठेवल्या. मासे जो कर्बवायू सोडीत, तो वनस्पती उजेडात घेई व प्राणवायू परत देई; कुजकी पाने गोगलगायी खाऊन टाकीत. अशा रीतीने पाणी वारंवार न बदलताही स्वच्छ राहिले. याच नावाचे त्यांचे चिरंजीव पुढे इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगक्षेत्रावर काम करीत असता, जमिनीतील अमोनियाचे नायट्रेट जंतूंच्या योगाने कसे होते, याचा अभ्यास करून गेले. शेतात चालणारी ही क्रिया टाकीच्या वाळूतही चालते. मासे अमोनिया बाहेर टाकतात व तो साचल्यास त्यांसच विष होतो. वनस्पतींस मात्र तो खताप्रमाणे उपयोगी पडतो. उरलेल्याचे नायट्रेट करणारे जंतू वाळूत वाढण्यास काही आठवडे लागतात. म्हणून आधी रोपे लावावी आणि ती मूळ धरून वाढू लागल्यावर, सुमारे महिन्याने, थोडे थोडे मासे सोडावे.

२. आपले पाणी व आपला उन्हाळा

काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. साबणास फेस न येणे व पाणी तापविण्याच्या भांड्यात पांढरा थर बसणे, ही त्याची ओळख. अशा पाण्यात मोकळा कर्बवायू थोडा असून पुष्कळसा कर्ब बायकार्बोनेटच्या रूपात असतो. तो घेण्याची शक्ती सर्वच वनस्पतींस नसते. ज्यांस आहे, त्या येथे जोमाने वाढतात. निवडीची किल्ली हीच.

दुसरी गोष्ट उष्णतेची. पाणी जो जो तापते, तो तो त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांवर लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३५ अंशांवर सुमारे ७. शिवाय रात्री वनस्पतीही प्राणवायूच घेतात. म्हणून उन्हाळ्यात टाकीत गर्दी नसावी आणि रात्री हवेचा पंप चालू ठेवावा.

तिसरी गोष्ट क्षारांची. बाष्प होऊन पाणी जाते, क्षार मागे राहतात. निचरा नसलेली बागायत जमीन ज्या कारणाने खारवट होते, त्याच कारणाने केवळ वरून भर घातलेली टाकीही खारवट होते. यास्तव आठवड्यास एक चतुर्थांश पाणी काढून नवे घालावे. पावसाचे साठविलेले स्वच्छ पाणी मिळाल्यास भर त्याचीच घालावी. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी उघड्या भांड्यात दिवसभर ठेवून मग वापरावे.

३. निवड

(अ) व्हॅलिस्नेरिया : फितीसारखी लांब पाने असलेली ही वनस्पती जड पाणी चांगले सोसते व टाकीच्या मागील बाजूस शोभते. नवशिक्याने प्रारंभ हिनेच करावा.

(आ) हायड्रिला : आपल्या तळ्यांतून व पाटांतून आढळणारी ही वनस्पती लोक सरसकट शेवाळ म्हणून ओळखतात. फार वेगाने वाढते, म्हणून नव्या टाकीतील अमोनिया घेण्यास उत्तम. परंतु दर पंधरवड्यास छाटणी पाहिजे.

(इ) सेराटोफायलम : हिला मुळे नसतात. पुरण्याची गरज नाही; नुसती तरंगत सोडावी. पिल्लांस आसरा होतो.

(ई) क्रिप्टोकोरीन : हिच्या काही जाती सह्याद्रीतील ओढ्यांत वाढतात. वाढ सावकाश, मंद उजेड चालतो. जागा बदलताच पाने गळतात, तेव्हा रोप मेले समजून उपटू नये. मुळापासून नवी पाने फुटतात.

कमळ व कुमुद यांचा मोह टाकीपुरता आवरावा. एरंडोल तालुक्यातील पद्मालय येथील तळ्यात कमळे पाहून ती घरी लावावीशी वाटणे साहजिक आहे. परंतु त्यांस उघडे ऊन, खोल गाळ व पसरण्यास जागा लागते. त्यांचे स्थान अंगणातील हौदात.

४. लागवड, उजेड व खत

नुसती काळी माती टाकीत घालू नये. ती फुगते, पाणी गढूळ करते व तीत बहुधा चुनखडीही असते. जाड वाळू पाणी निवळ येईपर्यंत धुऊन दोन ते तीन इंच जाडीचा थर द्यावा. शेणखत किंवा युरिया कदापि घालू नये. त्यायोगे अमोनिया वाढून मासे मरतात. माशांची विष्ठा हेच प्रारंभीचे खत पुरेसे आहे.

व्हॅलिस्नेरियाची मुळे वाळूत पुरावी, पण पाने जेथून फुटतात तो गड्डा वर राहिला पाहिजे. तो पुरला गेल्यास रोप सडते. तिला बाजूस धावती खोडे फुटून नवी रोपे येतात. त्यांस चार-पाच पाने आल्यावर तोडून वेगळी लावावी. हायड्रिलाच्या पाच-सहा इंचांच्या काड्या खालची पाने काढून चार-चारच्या जुडीने खोवाव्या.

दिव्याचा उजेड रोज आठ तास पुरे होतो. टाकी पश्चिमेच्या उन्हात कधीही ठेवू नये. काचेवर हिरवा थर वाढू लागला, तर उजेड किंवा माशांचे खाणे अधिक होत आहे, असे समजावे.

तळ्यातून आणलेल्या रोपांबरोबर जळवा व किड्यांच्या अळ्या येतात. ती निवडून धुवावी, पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात दहा मिनिटे बुडवावी व पुन्हा स्वच्छ पाण्यात धुवावी.

५. एक महत्त्वाची सूचना

छाटलेली रोपे विहिरीत, शेततळ्यात, पाटचारीत वा अंजनीच्या पात्रात टाकू नयेत. जलपर्णी ही मूळची दक्षिण अमेरिकेची. जांभळ्या फुलांच्या हौसेने लोकांनी ती देशोदेशी नेली आणि आज ती आपल्या नद्या व तलाव झाकून टाकते. उलट, आपल्याकडची साधी हायड्रिला विसाव्या शतकाच्या मध्यास टाकीतील शोभेकरिता अमेरिकेतील फ्लोरिडात गेली व तेथील कालवे तिने तुंबविले. हिच्या खोडाचा एक पेरही पाण्यात पडला, तर त्यास नवे रोप फुटते, आणि गाळातील हिच्या गाठी वर्षानुवर्षे जिवंत राहतात. एका मुठीच्या निष्काळजीपणाने साऱ्या शिवाराचे पाणी अडू शकते, आणि मग ते मोकळे करण्याचा खर्च ज्याने मूठ टाकली त्या एकट्यावर पडत नाही.

म्हणून छाटणीचा माल कडक उन्हात पूर्ण वाळवावा व मगच कंपोस्टच्या खड्ड्यात घालावा. टाकीतून काढलेल्या पाण्यात नायट्रेट असते. ते परसातील भाजीपाल्यास किंवा कुंड्यांस द्यावे, त्याचा चांगला उपयोग होतो. अशा रीतीने टाकीतले काहीही वाया जात नाही, आणि बाहेर जाऊन उपद्रवही करीत नाही. ज्यास आपल्या बांधावरील तण शेजाऱ्याच्या शेतात जाऊ न देण्याची सवय आहे, त्यास हे अवघड नाही.